मागची डावी काच

मलकापुरात हायवेच्या सर्व्हिस रोडला आमचं गाड्यांच्या काचांना फिल्म लावायचं दुकान आहे. मी आणि माझा नवरा ऋषिराज, दोघंच बघतो. जुनी गाडी आली की मी आधी पंखा बंद करते, फरशीवर पाणी मारते. काच ज्या खाचेतून खाली-वर होते, तिथं वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते. साबणाचं पाणी मारलं की ती सुटते आणि फिल्मखाली अडकते. एवढासा कणही मग उन्हात फोडासारखा दिसतो.

म्हणून औंधच्या लालासाहेबांची जुनी सुमो परत आली, तेव्हा मला नवल वाटलं नाही. लालासाहेब फौजेतून निवृत्त झालेले. बायकोला, अंबूबाईंना, ऊन सोसत नाही, म्हणून आमच्याकडून मागच्या काचांना फिकट फिल्म लावून घेतली होती.

"ताई, मागची डावी काच बघा. खाली माती आलीया."

मी आत बसून पाहिलं. खालच्या कडेला बोटभर मातीची रेघ होती. फिल्म सोलून काढली. खाचेतली पट्टी नवी घातली, पाणी नितळ येईपर्यंत धुतलं, फटीवर टेप मारली, मग नवी फिल्म लावली. बॅटरी मारून बघितली. काच स्वच्छ होती.

त्याच आठवड्यात ते पुन्हा आले. अंबूबाई बाहेरच्या खुर्चीत शांत बसल्या. ऋषिराजनं गाडीभोवती फेरी मारली.

"काका, काच चकचकीत हाय की."

"भाईरनं न्हाई दिसत. आत बसून बघा." लालासाहेबांचा आवाज उतरला होता.

मी आत बसले आणि दार ओढून घेतलं.

काचेवर फिल्मखाली माती माझ्या छातीपर्यंत चढली होती. ती धूळ नव्हतीच. पाणी पाजलेल्या उसाच्या रानातल्यासारखी काळी, ओलसर माती. फिल्मच्या कडांवरून मी नख फिरवलं. कुठंही सुटलेली नव्हती. जिथं केसही शिरणार नाही, तिथं त्या मातीत बारीक पांढरी मुळं पसरली होती.

त्यातलं एक हललं.

मी बाहेर पाहिलं. मातीच्या वर ऋषिराजचं फक्त डोकं दिसत होतं.

हायवेचा आवाज थांबला होता. मी दाराची कडी ओढली. दार हललं नाही. खांदा लावून ढकललं. बाहेरून कशाचा तरी भार पडला होता.

मी ओरडले. काचेवर हात आपटले. ऋषिराज माझ्याकडेच बघत होता, नुसता बघत.

माती हनुवटीला आली.

दार उघडलं.

"किती वेळ बसतीस गं?" ऋषिराज म्हणाला.

"मी हाका मारत होते!"

"तू? डोळे मिटून गप बसली होतीस."

मी ती फिल्म ओरबाडून काढली. काच धुतली. बादलीतलं पाणी नितळ राहिलं, तळाला कणसुद्धा नव्हता.

अंबूबाई उठून आल्या. "काढलीस व्हय? लय गार वाटायचं गं तिथं."

"मावशी, आज पुढं बसा. माझं ऐका."

"ऐकायची न्हाई ती," लालासाहेब खाली बघत म्हणाले. "गाडी दारात उभी असली तरी जाऊन बसती. हाका मारल्या तर ओ देत न्हाई."

तरी त्यांनी अंबूबाईंचा दंड धरला. "अगं, पुढं बस की."

अंबूबाईंनी हात सोडवून घेतला, मागच्या डाव्या दारानं आत चढल्या आणि दार लावलं.

गाडी हळूहळू मागं येऊन रस्त्याला लागली. फिल्म काढलेल्या काचेतून ऊन थेट अंबूबाईंच्या तोंडावर पडत होतं. त्या ताठ बसल्या होत्या. मग त्यांची हनुवटी वर उचलली गेली. गळ्यापर्यंत पाणी आल्यावर माणूस उचलतो तशी. आणखी वर. मान मागं कलली, डोकं सीटच्या पाठीला टेकलं.

"काका, थांबा!" मी धावले.

मी निरोप देतेय असं वाटून लालासाहेबांनी खिडकीतून हात हलवला.

हायवेच्या वळणावर अंबूबाईंनी तोंड घट्ट मिटलं, आणि गाल फुगवून श्वास रोखला.