सज्ज्याखालची घंटा

मेणबत्त्यांच्या दुकानाच्या दारात निन्फा लिबोरियोवर आदळली नि तिच्या हातातली मेणबत्ती मधोमध मोडली.

"संताला यंदा अर्धीच भक्ती," तो म्हणाला.

"उरलेली तुझ्या टाळक्यात घालते, म्हणजे हिशोब मिटेल."

तो हसला. दुसऱ्या दिवशी नवी मेणबत्ती घेऊन तिच्या दारात आला… मग येतच राहिला.

पण मिरवणूक जवळ आली तशी निन्फा हसेनाशी झाली. त्या सिसिलियन गावात संताच्या मूर्तीला खांदा देणारा पुरुष म्हणजे 'देवोतो', भक्त. बाई 'देवोता' झाली, तर तिनं अनवाणी मागून चालायचं, तोंड मिटून. आणि गावाला हप्त्यावर नाचवणारा डॉन वास्तियानो? तो सगळ्यात मोठा देवोतो म्हणे. दरवर्षी त्याच्या सज्ज्याखाली घंटा वाजे, मूर्ती थांबे, पुढे झुके. संत गुंडाला नमस्कार घाले नि पाद्री आभाळ बघत उभा राही. याच गुंडानं निन्फाच्या बापाची बेकरी जाळली होती.

यंदा घंटा लिबोरियोच्या हातात होती.

"तिथं वाजवलीस तर माझी पायरी चढू नकोस."

"निन्फा, त्याची माणसं—"

"तू देवोतो कुणाचा, तेवढं सांग."



मिरवणूक निघाली. दांड्यांखाली वाकलेल्या खांदेकऱ्यांना पुढचं काही दिसत नाही, घंटा सांगेल तसं चालायचं. तापलेल्या फरशांवर निन्फाचे पाय पोळत होते. सज्जा आला. वर वास्तियानो, छातीवर हात ठेवून, तयार.

लिबोरियोनं घंटा उचलली. पण घंटेचा लोळा त्यानं मुठीत घट्ट आवळला होता.

आवाज नाही. खांदेकरी चालत राहिले. संतानं डॉनला पाठ दाखवली. वर दार धाडकन बंद झालं.

वळणापलीकडे काळवंडलेली बेकरी होती. तिच्यासमोर मात्र घंटा खणखणली. मूर्ती थांबली, हळूच झुकली.

निन्फा बायकांची रांग सोडून पुढे आली, थेट त्याच्याजवळ. बायका कुजबुजल्या. कुजबुजू देत.

"मुडद्या… आता तुझंही घर जाळतील."

"जाळू देत," तो म्हणाला. "मग तुझ्याच दारात येईन. पायरी चढू देशील ना?"

तिनं घंटा धरलेला त्याचा हात आपल्या हातात घेतला.

"पाय पुसून ये," ती म्हणाली.