कोरी पिशवी

नाकांच्या खोलीत वास ओळखायला बसायचं तर सकाळचा चहासुद्धा मिळायचा नाही. पावडर नको, केसांना तेल नको, सुवासिक साबण नको, आदल्या दिवशी कांदा नको. ही सगळी बंधनं प्रयोगशाळेतल्या बाईंनी घातलेली, आणि खोलीत बसणाऱ्या सहाजणांपैकी एक म्हणजे बाईंची नणंद. त्यामुळे बंधनांचा उद्धार आधी घरी व्हायचा आणि मग प्रयोगशाळेत.

"जिला स्वतःला कसला वास येत नाही, तिच्या हातात सगळ्यांची नाकं," नणंद म्हणायची. "छान कारभार आहे वहिनी तुमच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांचा."

त्यात खोटं काही नव्हतं. बाई रसायनशास्त्रात हुशार होत्या, पण त्यांचं नाक कित्येक वर्षांपूर्वी कायमचं गेलं होतं. दूध नासलं की नाही, भाजी लागली की नाही, हे त्या नणंदेला विचारायच्या. नणंदेचं नाक मात्र असं, की जिन्यावर कोण येऊन गेलं हे ती दार उघडायच्या आधी सांगायची.

गावाच्या उताराला चामडं कमावण्याचा जुना कारखाना होता. कातड्यावरचे केस काढायला तिथे चुना आणि गंधकाचा क्षार वापरत. त्या हौदांचा कुजक्या अंड्यांसारखा वास वारा फिरला की थेट गावातल्या स्वयंपाकघरात शिरायचा. पण वास हा त्यातला लहान भाग. त्या पाण्यात चुकून आम्ल मिसळलं तर जो वायू उठतो तो माणूस मारतो. प्रयोगशाळेत बरीच वर्षं दुसरी पद्धत शोधणं चाललं होतं. तेच काम एन्झाइमनं करायचं, गंधक वापरायचंच नाही. पद्धत जमली होती. कागदावरच्या आकड्यांवर मात्र कारखान्याचाही विश्वास नव्हता आणि गावाचाही. मग ठरलं, की गावातल्याच चांगल्या नाकांच्या सहाजणांना बसवायचं. त्यांनी वास नाही म्हटलं, तर जुने हौद बुजवायचे. बाईंना आयुष्यात आता एवढी एकच गोष्ट बघायची होती, ते हौद बुजलेले.

त्याचं कारण म्हणजे चिमणी.

चिमणी आणि बाई एकाच दिवशी नोकरीला लागल्या होत्या. लहान चणीची, अखंड बडबडणारी मुलगी, म्हणून चिमणी. कारखान्याचा वास मारायला ती कोटाच्या खिशात संत्र्याची सालं ठेवायची. नमुन्याची हवा भरायला उशीएवढ्या पारदर्शक पिशव्या असत. नवी पिशवी कुठून गळते का हे पंपाने बघायचा नियम होता. चिमणी ती सरळ तोंडाने फुगवायची, डोळे मिटून गालाशी धरायची आणि म्हणायची, "धडधाकट आहे." साहेबांनी किती वेळा दम दिला, पण सवय गेली नाही.

एका दुपारी हौदाच्या तळाशी नमुना घ्यायला चिमणी शिडीवरून उतरली. वर बाई दोरी धरून उभ्या होत्या. आधी दोघींनाही वास झोंबला. मग खालून चिमणी म्हणाली, "वास गेला गं. आता बरंय." वास गेला नव्हता, वायू वाढला होता. तो वायू वाढला की आधी नाक मारतो आणि मग माणूस. दोरी ताणली गेली. बाईंना कुणीतरी मागे ओढलं म्हणून त्या वाचल्या. नाक गेलं. चिमणी वर आली ती चादरीत.

ही सगळी जुनी गोष्ट.

शेवटच्या चाचणीच्या आठवड्यात बाई प्रयोगशाळेच्या तळघराचा जिना उतरत होत्या आणि त्यांना संत्र्याच्या सालीचा वास आला.

त्या कठडा धरून थांबल्या. वास गेलेल्या माणसाला कधीकधी नसलेले वास येतात, हे डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं. मेंदू आठवणी चाळतो, म्हणाले होते. बाईंनी स्वतःला तेच सांगितलं आणि त्या कामाला लागल्या. पण वास पायऱ्यांवर होता, वरच्या मजल्यावर नव्हता. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवण जागा धरून बसत नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

चाचणीच्या सकाळी बाईंनी स्वतः तळघरातली नाकांची खोली उघडली. सुट्ट्यांमुळे ती बरेच दिवस बंद होती. पांढऱ्या भिंती, लांब टेबल, सहा खुर्च्या, एका बाजूला काचेची खिडकी, जमिनीत पाणी जायची जाळी. कुणी येण्याआधी रिकाम्या खोलीतली हवा एका पिशवीत भरून ठेवायची पद्धत होती. तिला कोरी पिशवी म्हणत. ती दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत यंत्रावर तपासली जायची, म्हणजे खोलीचाच वास होता असं नंतर कुणी म्हणायला नको.

बाईंनी पंप लावला. पिशवी भरली. तोंड बंद करताना त्यांना दिसलं, की आतल्या बाजूने धुकं धरलंय. आरशावर तोंडाची वाफ धरते तसं. त्यांनी बाहेरून पदराने पुसलं, पण ते आत होतं. तळघराची ओल, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी चिकटवली आणि पिशवी टपालाच्या खोक्यात ठेवली.

संत्र्याचा वास खोलीभर होता.

सहाजण येऊन बसले. नणंद पहिल्या खुर्चीवर, तिच्याशेजारी म्हातारे घड्याळजी काका. दार लावलं. झोत नको म्हणून पंखाही बंद केला. काचेबाहेर बाई आणि साहेब. बोलायला एक छोटा ध्वनिक्षेपक होता. एकेका पिशवीतली, नव्या पद्धतीच्या हौदावरची हवा नळीने टेबलावर यायची, सहाजण वास घ्यायचे, समोरची पाटी उलटायचे. काळी म्हणजे वास आहे, पांढरी म्हणजे नाही.

पहिल्या पिशवीला नणंदेने काळी पाटी दाखवली. मग आणखी दोघांनी. साहेबांचा चेहरा उतरला.

"कुजकं अंडं," नणंद म्हणाली. "अगदी थोडं. पण आहे."

दुसऱ्या पिशवीला सहाही पाट्या काळ्या. साहेब खुर्चीत मागे टेकले. इतक्या वर्षांचं काम मातीत गेलं असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

तिसऱ्या पिशवीला सगळ्या पाट्या पांढऱ्या झाल्या. चौथीलाही. पाचवीलाही.

साहेब उठून उभे राहिले. "बघा. पहिल्या दोन पिशव्याच खराब असणार. आता एकालाही वास नाही. एकालाही नाही, बाई."

बाईंना आनंद व्हायला हवा होता. काचेपलीकडे नणंद डोळे चोळत होती. घड्याळजी काकांची मान पुढे झुकली होती. उपाशी आहेत, पेंगले असतील, साहेब म्हणाले. आणि मघापासून मागे पडलेला संत्र्याचा वास एकदम वाढला. इतका, की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी अगदी कानाजवळ उभं राहून साल मोडावी, तिचा तुषार गालावर उडावा, तसा.

बाईंनी ध्वनिक्षेपकाचं बटण दाबलं. "वन्सं, मघाचा वास कुठल्या पिशवीचा होता?"

"पिशवीचा कुठला," नणंद म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. "खोलीतच होता. वास गेला गं. आता बरंय."

बाई दाराकडे गेल्या.

"दार उघडू नका," साहेब म्हणाले. "सगळी चाचणी फुकट जाईल."

"जाऊ दे."

"बाई, तुमच्या नाकाला काय कळतंय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दार उघडलं.

श्वास रोखून त्यांनी नणंदेला दंडाला धरून ओढलं. साहेब क्षणभर बघत राहिले, मग तेही आत धावले. काकांना खुर्चीसकट बाहेर आणलं. उरलेले चौघे भिंत धरत स्वतःच्या पायांनी आले.

वरच्या मजल्यावरून वायू मोजायचं यंत्र आणून दारात धरलं. ते ओरडायला लागलं ते थांबेचना. नाकांच्या खोलीत यंत्र हवं असं तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सगळे वाचले. अंगणात वाऱ्यावर बसवल्यावर काकांनी डोळे उघडले आणि किती वाजले ते विचारलं. नणंदेला आधी उलटी झाली, मग चहा हवा झाला. "आता तरी मिळेल ना?" ती म्हणाली. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि इतक्या वर्षांचं साठलेलं रडून घेतलं. नणंदेने पाठीवरून हात फिरवला आणि थोड्या वेळाने म्हणाली, "पण वहिनी, नियम सगळ्यांना सारखा हवा. कुणीतरी संत्रं खाऊन आलं होतं. बाकी सगळे वास गेले, तो एक शेवटपर्यंत येत होता."

बाई चहा सांगायला उठल्या.

कारण पुढे सापडलं. खोली बंद राहिल्याने जाळीखालच्या नळाच्या वळणातलं, खालचा वायू अडवणारं पाणी आटलं होतं. हौदाच्या जुन्या नमुन्यांचा गाळ नळात बसलेला, आणि त्या सकाळी वरच्या मजल्यावर कुणीतरी मोरीत आम्ल ओतलं होतं. चाचणी पुन्हा झाली, उघड्या दालनात, यंत्र शेजारी ठेवून. सहाही पाट्या पांढऱ्या. पावसाळ्याआधी हौद बुजले. माती पडताना बाई काठावर उभ्या होत्या. छातीवरचा दगड उतरावा तसं त्यांना वाटलं. संत्र्याचा वास आला नाही. आता येणार नाही, आणि आला नाही तर सगळं ठीक आहे, हे त्यांना कळलं. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

मोठ्या प्रयोगशाळेतून फोन आला तो त्यानंतर. गोंधळात ती पिशवी सगळे विसरले होते. खोकं मात्र नेहमीप्रमाणे टपालाने गेलं होतं, आणि तिथे कपाटात पडून राहून आत्ता कुठे तपासलं गेलं होतं. तिथले तपासनीस जरा चिडलेले होते.

"बाई, तुमची कोरी पिशवी कोरी नाही," ते म्हणाले. "पंपाने भरलेली हवा नाही ही. कुणीतरी तोंडाने फुगवलीय. निव्वळ श्वास आहे. आणि संत्र्याच्या सालीचं तेल. तुमच्याकडे एवढी शिस्त, म्हणे."

बाईंच्या बोटांभोवती फोनची वायर गुंडाळली गेली होती. ती त्यांनी हळूच सोडवली.

"एकीला सवय होती तशी," त्या म्हणाल्या.

"समज द्या तिला."

"साहेबांनी पुष्कळ दिली," बाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं.

"बरं, आणखी एक. पिशवी खोक्यात ठेवताना गरम कशात गुंडाळली होती का?"

"नाही. का?"



"इतके दिवस कपाटात होती," ते म्हणाले. "पण काढली तेव्हा एका बाजूने कोमट लागली. गालाएवढीच जागा."