सुरयांचं बेट, पतंगांची सहल

"तो पाय खाली ठेवू नका."

आवाज जमिनीतून आला. मी डावा पाय तसाच हवेत धरला. एका हातात वारा मोजायचं यंत्र, दुसऱ्या हातात वही… आणि पुढ्यात, किनाऱ्यावरच्या गोट्यांमध्ये, एक माणूस पालथा पडलेला. गोट्यांच्या रंगाचा कोट, गोट्यांच्या रंगाची टोपी. डोळे तेवढे वेगळे. भरती चढायच्या आधी खाडीचं पाणी असतं ना, करडं, हिरवं, थांबल्यासारखं — तसे.

"का?" मी विचारलं.

"तुमच्या टाचेखाली दोन अंडी आहेत."

मी वाकून पाहिलं. गोटे, गोटे, नुसते गोटे. मग त्यातले दोन गोटे हळूच अंडी झाले. ठिपक्याठिपक्यांची, माझ्या अंगठ्याएवढी.

"आता मागे फिरा. आलात त्याच पावलांवरून. एका पायावर किती वेळ उभं राहता येतं तुम्हाला?"

"पतंगाला लटकून, फळीवर उभी राहून लाटा तुडवते मी. बराच वेळ येतं."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे त्या पतंगवाल्या तुम्हीच."

"आणि ते पक्षीवाले तुम्ही." मी तोल सांभाळत म्हटलं. "पत्रात तुम्ही फार म्हातारे वाटला होतात."

पत्रं आमची मार्चपासून चालली होती. मी चेम्सफर्डला दातांच्या दवाखान्यात बसते, लोकांच्या भेटी वीस-वीस मिनिटांत बसवते. त्यामुळे आमच्या चौदा जणांच्या क्लबची वर्षाची सहल आखायचं कामही माझ्याच गळ्यात असतं. यंदा मी थॉर्नसी बेट ठरवलं होतं. दक्षिणेचा गोट्यांचा किनारा, नैर्ऋत्येचा वारा, खांद्यावरून वाहणारा, पतंगाला हवा तसा. अकरा जुलै, शनिवार. तंबूंची जागा सांगून ठेवलेली, सगळ्यांच्या रजा मंजूर. अडचण एकच होती. त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात छोटे सुरय पक्षी अंडी घालतात, आणि त्यांची राखण करणाऱ्या जे. हॅलिडे यांनी एक जुलैपर्यंत तिथे दोरी बांधलेली असते. पुढे किनारा मोकळा. कौन्सिलच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं, दोघांच्या सह्यांनी.

म्हणून मी मेमध्ये जागा पाहायला आले होते. दोरी मला दिसली नव्हती, कारण ती अजून बांधायची होती.

जे म्हणजे जेथ्रो. माझं नाव ब्रायनी म्हटल्यावर तो म्हणाला, "ब्रायनी म्हणजे कुंपणावरचा वेल. विषारी असतो."

"फळं खाल्ली तर," मी म्हटलं.

अडीच वाजता मी निघाले. बेटावर यायला-जायला एकच रस्ता, आणि भरती आली की तो पाण्याखाली जातो. पण माझ्या वहीत सगळं टिपलेलं होतं. भरती एकला, रस्ता मोकळा अडीचला. रस्ता जिथून खाली उतरतो त्या उताराशी पोचले आणि पाहते तर रस्ता नाहीच. पाणी, पाण्यावर ऊन, उन्हात दोन बदकं.

मागून सायकल येऊन थांबली.

"पुस्तक बघून आलात?" जेथ्रोने विचारलं.

"छापील. या वर्षीचं."

"आणि एक तास मिळवलात?"

मी वही उघडून पाहिली. भरतीच्या पुस्तकात हिवाळ्याचं घड्याळ चालतं, बाराही महिने. मार्चअखेर आपण घड्याळं एक तास पुढे करतो, समुद्र करत नाही. या किनाऱ्यावर वाढलेल्या प्रत्येकाच्या हातून हे एकदा तरी होतं… पण माझ्या हातून? सहली आखणारीच्या?

"चौदा माणसांना तुम्ही आणणार आहात ना?" त्याने अगदी सहज विचारलं. "नाही, त्यांची दया आली म्हणून विचारलं."

मग तो सायकल आडवी टाकून बांधावर बसला. थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्यापुढे धरला. स्वतः थर्मासलाच तोंड लावून प्यायला. त्याच्या सँडविचमध्ये चीज होतं आणि व्हिनेगरमधला कांदा. त्याने बरोब्बर अर्धं केलं आणि मोठं अर्धं मला दिलं.

"तुमचे पतंग मला आवडत नाहीत असं नाही," तो म्हणाला. "त्यांना आवडत नाहीत. खालून बघितलं की ससाणा वाटतो. एक पतंग वर गेला की सगळी वस्ती अंडी उघडी टाकून उठते. आणि मग कावळे… कावळ्यांना तेवढा वेळ पुरतो."

"केवढा असतो एक सुरय?"

"टेनिसच्या चेंडूएवढं वजन. पश्चिम आफ्रिकेतून येतो. ह्या गोट्यांवर येऊन बसतो, ह्याच." तो समोर बघत बोलत होता. "मादीला मागणी घालायची तर चोचीत एक मासा धरून तिच्यापुढे उभा राहतो. तिने घेतला तर घेतला."

"नाही घेतला तर?"

"तर तसाच उभा राहतो. मी एकाला चाळीस मिनिटं उभा पाहिलाय."

चाळीस मिनिटं. म्हणजे हा माणूस ते बघत चाळीस मिनिटं पालथा पडला होता. असं कोणाला बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. लोक बघतात आणि मोबाईल काढतात. हा बघायचा आणि नुसता बघतच राहायचा, जणू डोळ्यांनी ओंजळ धरली आहे आणि काही सांडू द्यायचं नाही.

साडेतीनला पाणी ओसरलं. रस्ता वर आला, ओला, चमकता. मला घाई नव्हती.

पुढच्या रविवारी मी परत गेले. वाऱ्याची नोंद करायला, असं मी स्वतःला सांगितलं. आणि परत उताराशी अडकले. जेथ्रो सायकलवरून आला.

"पुन्हा एक तास विसरलात?"

"सवय लागायला वेळ लागतो," मी म्हटलं.

त्याने सायकल आडवी टाकली. त्याच्या पिशवीत त्या दिवशी दोन कप होते.

असे चार रविवार गेले. तुम्हीचं तू कधी झालं, कळलं नाही. तो मला पक्ष्यांची नजर द्यायचा, मी त्याला वाऱ्याची. गवताचा शेंडा कसा वळतो, पाण्यावर काळी सुरकुती कुठून धावत येते, झोत येण्याआधी अंगाला कसं कळतं. एकदा त्याने विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पतंग ओढायला लागला की क्षणभर वाटतं, आता हा मला नेणार. आणि मग पाय फळीवर ठरतात… आणि आपणच त्याला नेत असतो. सांगता नाही येत. पाहावं लागतं."

"पाहीन," तो म्हणाला. "जुलैत."

बारा जूनला ईशान्येचं वादळ आलं, नेमकं मोठ्या भरतीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात मी कोणाच्या तरी अक्कलदाढेला वेळ देत होते तेव्हा त्याचा फोन आला.

"सगळी गेली. एक्केचाळीस घरटी." मागे वाऱ्याचा आवाज. "मी काही काम म्हणून फोन नाही केला. असाच."

असाच केलेला फोन किती जड असू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

आठवड्याने पुन्हा फोन. आवाज पार वेगळा. "घातली, ब्रायनी. परत घातली. सव्वीस घरटी. त्याच गोट्यांवर, वेडी कुठली."

मी हसले, आणि हसता हसता बोटांवर मोजलं. एकवीस दिवस उबवणं. म्हणजे पिल्लं जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. उडायला आणखी तीन आठवडे. अकरा जुलैला ती गोट्यांवर असणार, कापसाच्या बोळ्यांएवढी, आणि वर चौदा ससाणे.

त्यानेही मोजलं असणार.

"कागदावर एक जुलै आहे," शेवटी तो म्हणाला. "त्यानंतर किनारा तुमचा. मी सही केली आहे."

"मग विचार ना मला."

"नाही विचारणार."

"का?"

"कारण तू हो म्हणशील." तो थांबला. "माझ्यासाठी म्हणशील. आणि मला ते… नको आहे. तू त्यांना पाहिलंयस. तुझं तू ठरव."

फोन ठेवला तेव्हा मला त्याचा इतका राग आला होता, की त्याच्याइतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही हे कबूल करायला मला संध्याकाळ व्हावी लागली.

सहल रद्द केली तर तेरा जणांच्या रजा फुकट. केली नाही तर… ते वाक्य मी मनातसुद्धा पुरं करत नव्हते. मी बेटाचा नकाशा काढला. वाऱ्याच्या दिशेने पेन्सिल फिरवली. उत्तरेला वारा जमिनीवरून समुद्राकडे, माणूस वाहून जायचा. पूर्वेला तेच. राहिला पश्चिमेचा काठ. वारा चांगला, वस्तीपासून दीड मैल लांब. आणि गुडघाभर चिखल. पाणी येणार भरतीच्या आसपास दीड तास, बस्स.

बुधवारी पबमध्ये मी नकाशा टेबलावर पसरला. मॉरीन आमची अध्यक्ष. एकसष्ट वर्षांची, तीस वर्षं बस चालवलेली, अजून आमच्यात सगळ्यात उंच उडी तिचीच.

"चिखल," मॉरीन म्हणाली.

"चिखल."

"आणि दीड तास. गेल्या वर्षी सहा तास होते."

"पिल्लं आहेत, मॉरीन. टेनिसच्या चेंडूएवढ्या वजनाची आई आफ्रिकेतून येते, वादळात सगळं घालवून बसते, आणि परत तिथेच अंडी घालते. आपण तिला उठवायचं?"

मॉरीनने बिअरचा घोट घेतला. "त्या दुर्बिणवाल्याचं नाव काय म्हणालीस?"

"मी नाव घेतलंच नव्हतं."

"तेच म्हणतेय मी. एवढा वेळ बोललीस आणि नाव नाही घेतलंस." तिने टेबलाभोवती नजर फिरवली. "चला, कोणाला चिखलाची ॲलर्जी आहे? नाही? झालं. रबरी बूट आणा."

जेथ्रोला मी फोन केला नाही. एक पत्र टाकलं दवाखान्याच्या पाकिटातून: थॉर्नसी सहल, अकरा जुलै, पश्चिमेचा काठ, भरती एक चाळीस, तास मिळवलेला आहे.

अकरा जुलैला वारा आला, नैर्ऋत्येचा, खारा, भरल्या अंगाचा. चौदा माणसं चिखलातून पतंग, फळ्या, पतंग फुगवायचे पंप डोक्यावर घेऊन निघाली. मॉरीनचा एक बूट चिखलाने गिळला, ती दुसरा काढून फेकून देत म्हणाली, "घे, जोडी पूर्ण कर." मग पाणी आलं. घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत, मांडीपर्यंत. मी पतंग वर सोडला. दोर ताठले, पाय ठरले, आणि बेट माझ्या बाजूने धावू लागलं. गवत धावलं, बांध धावला. बांधावर एक करडा कोट होता, तो मात्र जागचा हलला नाही.

दीड तास. एकही मिनिट वाया घालवलं नाही मी.

पाणी उतरलं तेव्हा मी चिखलाची झाले होते, पापण्यांपर्यंत. जेथ्रो बांधावरून उतरून काठाशी आला. त्याची मोठी दुर्बीण तीन पायांवर बांधावर उभी, तोंड पाण्याकडे.

"वस्तीवर कोण आहे?" मी आधी तेच विचारलं.

"पोस्टातल्या मिसेस गॉझलिंग. आत्ताच फोन आला त्यांचा. एकही पक्षी उठला नाही. पिल्लं झोपली आहेत." त्याने श्वास सोडला. "तू ठरवलंस."

"मी ठरवलं. तुझ्यासाठी नाही."

"माहीत आहे." तो हसला, पहिल्यांदाच सगळ्या तोंडाने. "म्हणून तर…"

"म्हणून तर काय?"

"दीड तास मी एकही पक्षी पाहिला नाही, ब्रायनी. सात वर्षांत असं झालं नव्हतं. तू वळताना मान आधी वळवतेस. पतंग खाली आला की ओठ दाबतेस. एकदा उडालीस तेव्हा मी श्वास घ्यायचा विसरलो होतो, आणि तू परत पाण्यावर टेकलीस ती अशी… अगदी अशी…" त्याचा हात हवेत उतरत आला आणि शब्द सापडेना म्हणून तिथेच थांबला. "मी आज रजा टाकली आहे," तो घाईने म्हणाला.

"तू? जुलैत? साहेबांनी कारण नाही विचारलं?"

"विचारलं. अर्जात रकाना असतो."

"काय लिहिलंस?"

त्याचे कान लाल झाले. "आधी ‘वैयक्तिक’ लिहिलं. मग खोडलं. मग तुझं नाव लिहिलं."

मागे मॉरीन कोणाला तरी मोठ्याने सांगत होती की इकडे बघू नका, पतंगाची घडी घाला. सगळे इकडेच बघत होते.

"किती दिवसांची टाकलीस?" मी विचारलं.

"अर्ध्या दिवसाची."

"पुरेल तेवढी?"

"नाही," जेथ्रो म्हणाला, आणि माझा चिखलाने भरलेला हात त्याने दोन्ही हातांत घेतला.