सातव्या पोर्टवरचा शेजारी

त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं फिरलेलं होतं, आणि फिरायला कारणही होतं. ताईच्या आतड्याला पीळ पडला होता. ती डोंगरापलीकडच्या छोट्या इस्पितळात पडून होती आणि आमच्या साहेबांनी मला रजा नाकारली होती. नाकारली तीही हात जोडून. "तू तिथे जाऊन काय करणार? बाहेर बाकावर बसशील आणि नखं खाशील. इथे राहिलास तर तिच्या उपयोगी तरी पडशील." बोलणं झोंबलं, पण त्यात खोटं काही नव्हतं.

ताईला हलवण्यासारखी स्थिती नव्हती. तिथले डॉक्टर तरुण, हात चांगला, पण असलं ऑपरेशन त्यांनी एकट्याने कधी केलेलं नव्हतं. म्हणून असं ठरलं होतं, की आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसणाऱ्या सर्जनबाई स्क्रीनवर पोट बघणार, आणि त्या सांगतील तसं डॉक्टर तिकडे करणार. वेळ दुपारी बाराची. त्यापुढे थांबायला बाई तयार नव्हत्या; आतडं काळं पडलं तर मग कुणीच काही करू शकणार नाही, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. ते चित्र ज्या लाइनवरून येणार, ती लाइन सांभाळणं हे माझं काम. आणि ती लाइन पहाटेपासून येत-जात होती.

बिघाड काय होता ते सांगतो, अवघड नाही. एका राउटरकडून दुसऱ्याकडे, असं करत आमचा माल, म्हणजे चित्र, आवाज, निरोप, पुढे जातो. स्टेशनवर सामान ठेवायला दिलं की आपल्याला बिल्ला मिळतो ना, तसं असतं. प्रत्येक राउटर आपल्या शेजाऱ्याला सांगून ठेवतो, "इस्पितळाकडे जाणारं काही असेल तर त्यावर हा नंबर चिकटवून माझ्याकडे दे, पुढचं मी बघतो." तो नंबर म्हणजे लेबल. लेबल शेजाऱ्यानेच द्यायचं, आणि ते त्या दोघांपुरतंच. ते आलं नाही, तर सगळा माल दारातच पडून राहतो.

आमच्या राउटरचा एकच शेजारी होता, खिंडीतल्या आमच्या ठाण्यावरचा. त्याच्या पलीकडे इस्पितळ, धरणाचं ऑफिस, आणखी दोन-तीन ठिकाणं. पण त्या सकाळी माझ्या लॅपटॉपवर दोन शेजारी दिसत होते, आणि दोघांचा ओळख क्रमांक एकच होता. एकाच नावाने दोन जण बोलायला लागले की आमचा राउटर गोंधळणारच. तो कधी याचं ऐकायचा, कधी त्याचं.

मला वाटलं, सापडलं! खिंडीतला राउटर गेल्याच आठवड्यात बदलला होता, आणि तो बदलला होता लंबूने. लंबू म्हणजे आमचा लाइनवरचा तंत्रज्ञ. माझ्या खांद्याला लागतो, आमच्याकडे नावं उलटीच पडतात. नवा डबा बसवताना जुन्यातली सगळी मांडणी, ओळख क्रमांकासकट, जशीच्या तशी नव्यात उतरवायची ही लंबूची पद्धत. मग जुना डबा कुणी चुकून कुठे जोडला की झाला घोळ.

मी त्याला फोन लावला. तो खिंडीतच होता.

"जुना डबा कुठे टाकलास?"

"टाकला कशाला? तुमच्याच गोदामात आणून ठेवलाय. खालच्या फळीवर. का, विकायचाय का?"

"कुणीतरी जोडलाय त्याला."

"काहीतरीच काय! त्याचा पॉवर सप्लाय जळलाय. म्हणून तर बदलला."

मी गोदामात जाऊन पाहिलं. डबा खालच्या फळीवर होता, धूळ खात. त्याला एकही वायर नव्हती.

मग मी राउटरच्या खोलीत गेलो. ती खोली थंडगार असते, पंख्यांची घरघर सतत चालू, नवा माणूस दहा मिनिटांत डोकं धरून बाहेर येतो. दुसरा शेजारी सातव्या पोर्टवर, म्हणजे वायर खोचायच्या सातव्या भोकावर, दिसत होता. सातवं पोर्ट आम्ही कधी वापरलेलंच नाही. त्याला कारखान्यातून आलेलं काळं रबरी टोपण तसंच होतं. पण टोपणाच्या वर हिरवा दिवा लुकलुकत होता. मी टोपण काढलं. आत काही नव्हतं. दिवा लुकलुकतच राहिला.

अशा वेळी माणूस स्वतःलाच समजावतो. दिवा खराब, कार्ड खराब, उष्णतेने काहीतरी झालं असेल. मी सातवं पोर्ट बंद करण्याची आज्ञा दिली. दिवा विझला, मला हायसं वाटलं, आणि मी वळतोय तोवर आठव्याचा दिवा लागला. आठव्यालाही टोपण होतं.

मी आठवंही बंद केलं. दिवा परत सातव्यावर आला.

"च्यायला," मी म्हणालो. त्या घरघरीत माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

आता तो शेजारी नेमकं काय सांगतोय, ते मी वाचलं. इतर ठिकाणांबद्दल तो गप्प होता. फक्त धरणाच्या ऑफिसबद्दल बोलत होता, आणि लेबल देतच नव्हता. तो म्हणत होता, 'लेबल काढून टाक, हा पत्ता माझ्याकडेच आहे.' राउटर असं तेव्हाच म्हणतो, जेव्हा ते ठिकाण त्याच्या दाराशीच असतं. मी धरणाला हाक मारून बघितली, म्हणजे एक छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. डोंगर ओलांडून जायचं-यायचं म्हटलं की थोडा तरी वेळ जातोच. उत्तर लगेच आलं. भिंतीपलीकडून यावं, इतकं लगेच.

मी टेबलावरच्या नेटफोनवरून, म्हणजे आमच्याच लाइनवर चालणाऱ्या फोनवरून, धरणाचा नंबर फिरवला. वॉचमनने उचलला.

"सगळं ठीक आहे ना तिकडे?"

"ठीक आहे साहेब. सगळं ठीक आहे."

"लाइन गेली होती का?"

"नाही साहेब. लाइन छान आहे."

आवाज त्याचाच होता, जरा घोगरा, शेवटचा शब्द ओढणारा. पण धरणावर फोन केला की पाण्याच्या आवाजात दोघांनाही ओरडून बोलावं लागतं, हे आमच्या ऑफिसात पोरासोरांना माहीत आहे. आज पलीकडे अगदी शांत होतं. मी विचारलं, "पाणी बंद केलंय का?" तो म्हणाला, "सगळं ठीक आहे साहेब."

मी फोन ठेवतोय तोच मोबाइल वाजला. लंबू.

"अहो, धरणाचा वॉचमन आलाय इथे सायकल हाणत. पहाटेपासून त्यांचा फोन मेलाय म्हणतो. काय सांगू त्याला?"

"त्याच्याकडे दे."

"साहेब," घोगरा आवाज म्हणाला. मागे खिंडीतला वारा घोंघावत होता. "तुमच्या लाइनला काय झालंय काय? सकाळपासून बोंबलतोय मी, कुणी ऐकेचना."

"बघतो. फोन लंबूकडे द्या, ठेवू नका," मी म्हणालो.

अकरा वाजून गेले होते. मी लॅपटॉपकडे पाहिलं, तर सातव्या पोर्टवरच्या शेजाऱ्याने आणखी एक ओळ जोडली होती. 'इस्पितळाचा पत्ता माझ्याकडेच आहे.'

त्याचं सांगणं नाकारता येतं, राउटरला तसं सांगायची सोय असते. पण नाकारायचं ते ओळख क्रमांकावरून, आणि क्रमांक तर दोघांचा एकच. याला हाकललं असतं तर खिंडीतला खराही गेला असता आणि ताईला कोणीच उरलं नसतं. उपाय एकच होता. खऱ्याला नवा क्रमांक द्यायचा, आणि मग जुना क्रमांक कायमचा नाकारायचा.

"लंबू, तुझ्या डब्याचा ओळख क्रमांक बदल. आत्ता. आणि डबा परत चालू कर."

"भरदिवसा? सगळी खोरी बंद पडतील!"

"माझी ताई टेबलावर आहे रे."

किल्ल्या वाजल्याचा आवाज आला, मग फोन बंद झाला.

मी वाट बघत बसलो. बाराला थोडा वेळ असताना वरून शिपाईकाका धावत आले, तोंडभर हसत. "आली लाइन! बाईंनी सुरूसुद्धा केलं. काय चित्र आहे हो, काचेसारखं!"

मी लॅपटॉप उघडाच उचलला आणि जिने चढत सुटलो.

बाईंच्या खोलीत पडदे ओढलेले होते. मोठ्या स्क्रीनवर ऑपरेशनची खोली दिसत होती, हिरवी कापडं, डॉक्टरांचे हात, आणि कोपऱ्यात ताईचा चेहरा. नळी लावलेला, डोळे मिटलेले. कपाळावरचा तो लहानपणीचा व्रण. माझ्याच चेंडूने झालेला. ती माझी ताई होती, शपथेवर सांगतो.

पोट उघडलेलं होतं.

"छान," बाई माइकमध्ये म्हणत होत्या. "घाई नको. आता डावीकडून."

तिकडचे हात डावीकडे गेले. अजिबात आवाज नव्हता. यंत्रांचा नाही, माणसांचा नाही.

खिशातला मोबाइल वाजला. दाजी, ताईचे यजमान. मी ऑफिसात लागलो तेव्हापासून ते मला थट्टेने साहेब म्हणतात.

"साहेब, अहो लाइन कधी येणार? इथे दारातून दिसतंय, स्क्रीन काळीच आहे. भूल देऊन झाली, डॉक्टर हात धुऊन नुसते उभे आहेत. बाई कुठे आहेत?"

"दाजी, ऑपरेशन सुरू नाही झालं?"

"कसं होणार? बाईंशिवाय हात लावणार नाही म्हणतात."

मागे यंत्र टिकटिकत होतं, कुणीतरी ट्रे आपटला. दाजींचा श्वास ऐकू येत होता.

मी स्क्रीनकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "तो फोन बंद कर बघू."

तेवढ्यात लंबूचा निरोप आला. बदललं, डबा चालू आहे.

मी बाईंच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि आज्ञा लिहिली. जुना क्रमांक नाकारायचा. फक्त एक कळ दाबायची राहिली होती.

"काय करतोयस?" बाईंनी विचारलं.

"लाइन तोडतोय."

"वेडा झालास का! पोट उघडलंय तिचं!"

"ती ती नाहीये, बाई."

"अरे तुझी बहीण आहे!"

त्यांनी माझं मनगट धरलं. मी रडत होतो, हे मला नंतर शिपाईकाकांनी सांगितलं.

स्क्रीनवरच्या हातांनी काम थांबवलं. डॉक्टरांनी मान वर केली नाही. पण कोपऱ्यात, नळीखालून, ताईने डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

मी कळ दाबली.

स्क्रीन काळी झाली. बाई काहीतरी ओरडल्या. मग चित्र आलं, जरासं पुसट, थरथरतं, आणि त्याबरोबर आवाज आला, यंत्रांचा, माणसांचा, दाजींचाही कुठून तरी. हिरवी कापडं. ताईचे डोळे मिटलेले. पोट अखंड, त्यावर फक्त औषधाचा पिवळा रंग फासलेला.

"आलात का, बाई!" तिकडचे डॉक्टर म्हणाले. "सुरू करू ना?"

बाई उभ्या होत्या त्या हळूच खाली बसल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाणी प्यायल्या, माइक जवळ ओढला आणि म्हणाल्या, "हो. पहिल्यापासून करू."

ऑपरेशन नीट झालं. बाईंनी त्या दिवसाबद्दल माझ्याशी कधीच काही बोलणं काढलं नाही; जिन्यात भेटल्या तर दुसरीकडे बघतात. सातव्या पोर्टचा दिवा पुन्हा लागला नाही. मी रोज सकाळी जाऊन बघायचो, मग हळूहळू एक दिवसाआड बघायला लागलो.

इस्पितळातून सोडल्यावर घरी जाताना ताई आणि दाजी माझ्या ऑफिसात थांबले. ताई जरा वाळली होती, पण जीभ शाबूत होती. "टिल्ल्या, हे टेबल आहे की उकिरडा? आणि काय रे, एवढा मोठा इंजिनिअर, बहिणीला भेटायला येता आलं नाही?" मी म्हणालो, लाइन सांभाळत होतो. ती म्हणाली, "लाइन म्हणे! अहो, बघा याचं तोंड, केव्हाचा जेवला नसेल मेला." दाजी हसले आणि तिची पिशवी मांडीवर घेऊन तिची अडकलेली चेन ओढत बसले. मला फार बरं वाटत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

टेबलावरचा नेटफोन वाजला. छोट्या पट्टीवर नाव होतं, इस्पितळ, ऑपरेशनची खोली. वाटलं, बिलाचं काही राहिलं असेल. उचलला.

पलीकडे अगदी शांत होतं. मग दाजींचा आवाज आला, स्वच्छ, कानाशी बोलावं तसा.

"साहेब, अहो लाइन कधी येणार?"

समोर दाजी चेनशी झटत होते. ताई त्यांना म्हणत होती, राहू द्या, तुटेल ती.

"त्या दिवसापासून थांबलोय आम्ही. डॉक्टरांना पुढचं येत नाही. तिला तसंच उघडं ठेवलंय," आवाज म्हणाला. "आणि आता तिला शुद्ध यायला लागलीय."