कॉलरमागचे दोन टाके

देवगाव फाट्यावर मी बसची वाट बघत उभी होते. मागून आवाज आला, "ताई... नाही, म्हणजे — अहो, जरा ऐका! या शालीचा काठ कोणी शिवला?"

"मीच. का, उसवलाय?"

तो हसला. हिवाळ्याचं कोवळं ऊन त्याच्या चष्म्यावर सांडलं होतं... नाव अमृत. पूर्णेच्या रेल्वे गार्डाचा मुलगा, पुण्यात कपड्यांचं डिझाइन शिकलेला. गावोगाव स्वस्त कपड्यांची दुकानं असलेल्या एका कंपनीनं त्याच्या नावानं जाकिटं काढायचं ठरवलं होतं. त्याची पहिलीच संधी.

"तुमचा टाका हवाय मला त्यावर," तो म्हणाला.

मग दर रविवारी तो पेडगावला आमच्या घरी येऊ लागला. मापाला दुसरं कोण? नमुन्याचं जाकीट त्याच्याच अंगावर बेतलं. खांद्याशी मी टाचणी लावायचे.

"टोचली तर?" तो उगाच विचारायचा.

"टोचू द्या. हलता कशाला?"

नमुना कंपनीला गेला. आणि एका सोमवारी अमृत धावतच आला. सोमवारी माझं मौन असतं — सकाळच्या पूजेपासून सांजवात लागेपर्यंत.

"शिवकन्या, पास झालं! कॉलरमागची ती दोन तिरप्या टाक्यांची खूण आहे ना, तीच त्यांना सगळ्यात आवडली. वीस हजार जाकिटांवर हवीय. आज संध्याकाळपर्यंत हो कळवायचंय."

माझी सुई थांबली. मी मान हलवली — नाही.

"नाही? का पण?"

चुलीपाशी बसलेल्या दैवशाला वहिनीनं तोंडाला पदर लावला. "अवो, ती आमच्या मेंढरांच्या कानाची खूण हाय. कापडावर काढली तर घरच्याच माणसाच्या. बाजारात कशी जाईल? आता तुमच्या जाकिटावर कशी आली, ते आमच्या वन्संला इचारा... पण आज ती बोलायची न्हाई!"

तो माझ्याकडे वळला. "घरच्याच...? मग माझ्या—"

मी खालीच बघत राहिले. कान तापले होते. जाकीट कंपनीला जायचंय, हे शिवताना ध्यानातच राहिलं नव्हतं. मनात होता फक्त ते घालणारा...

तो अंगणात गेला. फोनवरचा त्याचा आवाज आत येत होता. "नाही सर, ती खूण मिळणार नाही... बाकीची नक्षी घ्या... हो, काम गेलं तरी चालेल."

परत येऊन तो उंबऱ्याशी बसला. "कळवतो म्हणालेत," एवढंच बोलला. मला काहीच विचारलं नाही. ऊन ज्वारीवरून हळूहळू सरकत गेलं, आणि आम्ही नुसते बसून राहिलो... इतका गोड उशीर मी कधी सोसला नव्हता.

तुळशीपाशी वात लावली. हात जोडले. मग वळले.

"येत्या रविवारी..." दिवसभर गप्प राहून माझा आवाज घोगरा झाला होता, "एकटे येऊ नका. आई-वडिलांना घेऊन या."