बाबांच्या सदऱ्याचा खिसा

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. पण टाइप करताना जरा हलकं वाटतं. म्हणून.

बुधवारी सकाळी बिल्डिंगच्या तळघरात कपडे धुवायला गेलो. बाहेर मार्च असूनही बर्फ, आत ड्रायरची ऊब. एक मुलगी फोनवर मराठीत बोलत होती, "नाही गं आई, सर्दी झालीय, रडत नाहीये." आणि रडत होती. हातात ओली गोधडी. लाल तुकडे, हिरवे तुकडे, मधे पांढरे. पांढरे म्हणजे... होते. आता गुलाबी झाले होते.

फोन ठेवून तिने ड्रायरचं दार उघडलं.

"नको! टाकू नका!"

मी एवढ्या जोरात ओरडलो की तिच्या हातून गोधडी पडता पडता राहिली.

"काय झालं?"

"ड्रायरमध्ये सुकली की डाग पक्का बसतो. ओली आहे तोवर चान्स आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी... शिवतो. क्विल्ट. व्हिडिओ बघून शिकलो."

हे मी कुठल्याही मुलीला पहिल्या मिनिटात सांगत नाही. महिन्याभरातही नाही. पण ती हसली नाही. नुसती गोधडी माझ्यापुढे धरली.

तिचं नाव ज्ञानदा. ती तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. तिची ताई आसावरी इथेच, पण दुसऱ्या राज्यात, आयसेलिनला असते, सातवा महिना चालू आहे. शनिवारी डोहाळजेवण, त्यासाठी आई सोलापूरहून तिकडे आलीय. गोधडी ज्ञानदाने स्वतः बाळासाठी शिवलेली. लाल तुकडे आईच्या इरकलीचे, पांढरे बाबांच्या सदऱ्याचे. एका तुकड्यावर तर सदऱ्याचा खिसाही तसाच ठेवलेला. बाबा आता नाहीत. त्यांचा दुसरा सदराही नाही. खडूच्या रेघा जाव्यात म्हणून तिने गोधडी मशीनला लावली होती. आणि गुरुवारी दुपारी ताईकडे जायची फ्लाइट.

"लाल कापड मी आधी मिठाच्या पाण्यात भिजवलं होतं," ती म्हणाली. "मावशीने सांगितलं तसं."

"माझी आईपण तेच करते. पण सुटणारा रंग मिठाने थांबत नाही हो. शिवायच्या आधी ओलं पांढरं फडकं घासून बघायचं असतं, रंग लागतोय का ते."

"हे आत्ता सांगताय!"

"आत्ता भेटलात."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. अर्धंच. मग एकदम गंभीर. "निघेल ना पण?"

"निघेल."

मला काय माहीत निघेल की नाही! मी आजवर फक्त उशीच्या एका अभ्र्याचा रंग काढला होता.

तिच्याकडे नुसता शॉवर, आमच्याकडे टब. कढत पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण, आणि गोधडी पूर्ण बुडालेली हवी. कुठलाही भाग वर तरंगला की तिथे सुटलेला रंग परत बसतो. पाणी लाल झालं की ओतायचं, नवीन भरायचं. दिवसभर.

पहिलं पाणी अगदी कोकम सरबत. ते बघून तिचा चेहरा उतरला, माझा तिच्याहून जास्त.

माझा रूममेट सुशांत टॉवेल घेऊन दारात उभा. "नकुल, यार, मी आंघोळ कुठे करू?"

"जिममध्ये."

"आणि या कोण?"

"मी ज्ञानदा. सॉरी हं."

"सॉरी कसलं! याच्या बाथरूममध्ये मुलगी पहिल्यांदाच बघतोय."

मी दार लावलं. कान तापले होते. ती टबच्या काठावर बसून हसत होती. "नकुल, अहो-जाहो बास कर आता. कोपरापर्यंत साबणात हात घातलेत आपण."

मग आम्ही बोलत बसलो. मी उलट्या बादलीवर, ती काठावर. तिची लॅब, माझी सारखी बंद पडणारी शिलाई मशीन, तिच्या बाबांची सदऱ्याच्या खिशात शेंगदाणे ठेवायची सवय... मधेच ती पाण्याकडे बघायची. "निघतोय ना?" मी म्हणायचो, "निघतोय." आणि नळ परत सोडायचो.

संध्याकाळी पाणी नितळ राहिलं. गोधडी स्टँडवर पसरली, पंखा लावला. ओल्या कापडावर काही कळत नाही, वाळल्यावरच कळतं. मला झोप लागली नाही.

सकाळी ती आली. आम्ही दोघं वाकून बघतोय... पांढरं! खरंच पांढरं. तिने माझा दंड घट्ट धरला.

मग सोडला.

खिसा गुलाबी होता. आत हवा भरून तेवढाच पाण्याच्या वर आला होता, आणि आम्हाला दिसलं नव्हतं.

"परत भिजवू," मी घाईघाईने म्हणालो. "फ्लाइट पुढे ढकल, मी बसतो, या वेळी नजर हटवत नाही..."

तिने खिशात दोन बोटं घातली. बराच वेळ तशीच.

"हा वर आला तेव्हा आपण काय करत होतो रे?"

"बोलत होतो."

"हं." तिने गोधडीची घडी घातली. "राहू दे. आईने विचारलं तर हेच सांगेन. आम्ही बोलत होतो, लक्षच नव्हतं."

"ती विचारेल, आम्ही म्हणजे कोण?"

"विचारेलच." बॅगेची चेन अर्धी लावून तिने माझ्याकडे बघितलं. सरळ. "मग काय सांगू?"

आणि मी... मी म्हणालो, "बॅग जड असेल ना? दे, मी उचलतो."

एअरपोर्टपर्यंत ड्राइव्ह केलं, हवामानावर बोललो. घरी येऊन सुशांतला सांगितलं तर त्याने उशी फेकून मारली.

आज शनिवार. मगाशी तिचा मेसेज आला: "आईने खिशात हात घातला तो काढेचना. रडली, मग हसली. मग विचारलंच, आम्ही म्हणजे कोण. मी म्हटलं, परवा कळवते."

उद्या ती परत येतेय. घ्यायला मी जातोय. सुशांतला शब्द दिलाय: ती गाडीत बसली की, मी गाडी सुरू करायच्या आत, कापड, साबण, हवामान यातलं एक अक्षर न काढता तिला सांगणार... तू मला आवडतेस. आईला माझं नाव सांग.