राजाच्या नावाची भाकरी

पाचोऱ्याजवळच्या एका गावात राहत होती कलाबाई, तिचा लेक रविंद्र आणि रविंद्रची एकुलती लेक प्रज्ञा. प्रज्ञा डॉक्टरकी शिकायला लांब जॉर्जियात गेली, कुताइसी नावाच्या गावी. घरातलं माणूस परमुलखात गेलं, की रोज दुपारी त्याच्या नावाची एक भाकरी टोपलीत झाकून ठेवायची, ही कलाबाईच्या सासूपासूनची रीत. भाकरी झाकलेली असली की माणूस घराची वाट विसरत नाही म्हणे. दिवस कलला की ती गाईला घालायची.

एकदा प्रज्ञानं फोनवर तिथल्या राजाची गोष्ट सांगितली. मोठं राज्य भाऊबंदकीत फुटलं, त्यातला एक तुकडा म्हणजे इमेरेती. कुताइसी त्याची राजधानी. राज्य मूठभर, पण तुर्कांशी झुंजत, कधी वाकत, तीनशे वर्षं तगलं. शेवटी रशियानं गिळलं. शेवटचा राजा कैदेतून निसटला आणि तुर्कांच्या मुलखात समुद्राकाठी मेला, गावाकडे डोळे लावून. पुष्कळ वर्षांनी त्याची नुसती हाडं परत आणली.

कलाबाई म्हणाली, "हाडकं परत उनात, पन मानूस कोठे उना? त्याना नावनी भाकर कोनी ठेवी नई का?"

प्रज्ञा हसली. कलाबाई हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून टोपलीत दोन भाकरी. नातीची ओळखू यावी म्हणून तिच्यावर दोन बोटांचा ठसा.

वैशाखात प्रज्ञा तापानं पडली. तीन दिवस फोन उचलेना. रविंद्र पासपोर्टाच्या धावपळीत जळगावला गेला. घरात कलाबाई एकटी. भर दुपार, पत्रा तडतडत होता. एकाएकी तो थांबला. ओल्या लोकरीचा वास आला, समुद्राचा असावा तसा खारट. दाराचा पडदा हलला...

टोपलीचं झाकण बाजूला पडलं होतं. राजाची भाकरी नव्हती. ठशाची तशीच. आणि उंबऱ्यापासून टोपलीपर्यंत तापल्या फरशीवर ओली पावलं, वाळतच नव्हती.

भाकरीनं बोलावलं नातीला, आला तो राजा... मागे न बघता कलाबाई हळूच म्हणाली, "बाबा, तुले घर भेटनं नई. मनी पोरले तरी घर लई ये..."

दिवेलागणीला फोन वाजला. प्रज्ञाचा आवाज खोल गेलेला, पण ताप उतरला होता.

"आजीमाय, एक म्हातारा उशाशी बसला होता... लांब कोट, चिंब भिजलेला. त्यानं घास भरवले. आपली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती... वर दोन बोटांचा ठसा."

कलाबाईनं परत झाकून ठेवलेली टोपली उघडली; त्या दिवशी गाईला भाकरी घातलीच नव्हती. रिकामी होती.

प्रज्ञा पास होऊन आली. आता पाचोऱ्यात तिचा दवाखाना आहे, दारावर तिच्या नावाची पाटी, बाकड्यावर बसायला जागा मिळत नाही. घरात कशाला कमी नाही. तिच्या नावाची भाकरी केव्हाच थांबली.

राजाची थांबवायला मात्र कलाबाईचा हात धजत नाही. अजूनही दुपारी पडदा हलतो आणि फरशीवर ओली पावलं उमटतात, आत येणारी. बाहेर जाणारी आजवर कुणाला दिसली नाहीत.